बाकावरची माणसं

बडनेऱ्याला गाडी बदलायची, एवढं लक्षात ठेवा. अमरावतीची छोटी गाडी तिथवर आणून सोडते, पुढे नागपूरकडून येणारी मुंबईची गाडी. साल १९०८, महिना जुलै. मोबाइल, आधार कार्ड घरीच राहू द्या. वळकटी, पितळेचा तांब्या आणि शिदोरी पुरे. तुम्ही अमरावतीच्या एका मोठ्या वकिलाकडे कारकून आहात. वकिलाचं नाव गणेश श्रीकृष्ण खापर्डे. सगळे त्यांना दादासाहेब म्हणतात, आणि थाट असा की ‘वऱ्हाडचे नबाब’ असंही नाव पडलेलं आहे. ते मुंबईला पुढे गेलेत. तुम्ही त्यांचे कागद घेऊन मागून निघालात.

मूर्तिजापूर जातं, अकोला येतं. बाहेर पऱ्हाटी वीतभर वर आलेली, शेतात डवरे चालू. अकोल्याला एक पाटील चढतात, फेटा काढून मांडीवर ठेवतात आणि तुमच्या बगलेतल्या कागदांकडे पाहतात.

“मुंबईले चालले काय? टिळक महाराजाच्या खटल्याले?”

“हो.”

“सुटतीन ना?”

तुम्हाला निकाल ठाऊक आहे. शाळेच्या पुस्तकात होता, परीक्षेला यायचा. सात विरुद्ध दोन, सहा वर्षं, मंडाले. तरी तुम्ही म्हणता, “सुटतील.” दुसरं काय सांगणार? पाटील शेगावला उतरतात.

मुंबईत हायकोर्टाभोवती पोलीस आहेत, आत शिरणं सोपं नाही. पण तुमच्या हातात कागद आहेत आणि दादासाहेबांचं नाव आहे. १३ जुलैला खटला उभा राहतो. आरोप राजद्रोहाचा, केसरीतल्या दोन लेखांवरून: १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’. समोर सरकारी वकिलांची फळी, अॅडव्होकेट जनरल ब्रॅन्सन आणि त्यांच्या जोडीला इन्व्हेरॅरिटी. टिळक स्वतःचं काम स्वतः चालवताहेत, मदतीला जोसेफ बॅप्टिस्टा. एका बाजूला ज्युरी: नऊ माणसं, सात युरोपियन, दोन पारशी. खास ज्युरी नको, त्यात मराठी न जाणणारे युरोपियनच भरतील, असं बॅप्टिस्टांनी आधीच सांगून पाहिलं होतं. ऐकलं गेलं नाही. अग्रलेख मराठी, आणि ते राजद्रोही की नाही हे ठरवणारे लोक ते भाषांतरातून वाचणार.

बाक कठीण आहे. पहिल्या दिवशी तुम्ही पाठ ताठ ठेवून बसता, तिसऱ्या दिवशी वाकून. कोर्टात नुसतं बसण्यानं माणूस किती दमतो, हे न बसलेल्याला पटत नाही. हात रिकामे असतात. बोलायचं नाही, उठायचं नाही, आपल्या माणसाबद्दल काहीही म्हटलं गेलं तरी तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. आणि ऐकायचं मात्र सगळं, एक शब्दही निसटू न देता, कारण त्यातला कुठला शब्द वर्षं होऊन अंगावर येईल ते माहीत नसतं.

दादासाहेबांकडे बघा. हा माणूस १८८५ ते १८९० अशी पाच वर्षं सरकारात एक्स्ट्रा असिस्टंट कमिशनर होता. न्याय देण्याच्या खुर्चीवर बसलेला आहे. पुढे वकील म्हणून किती जणांच्या बायका, आया, भाऊ आपल्या मागच्या बाकावर बसवून ठेवले असतील, मोजदाद नाही. त्यांना कायदा येतो, आणि हाच इथे त्रास आहे. बाकीच्यांना सरकारी वकिलाचं वाक्य नुसतं ऐकू येतं; त्यांना ते वाक्य कुठल्या कलमाकडे निघालंय तेही दिसतं.

शिवाय त्यांनी हे एकदा पाहिलेलं आहे. १८९७ साली टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा ज्युरी सहा विरुद्ध तीन अशी फुटली आणि दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच वर्षी डिसेंबरात काँग्रेस अमरावतीला भरली. स्वागताध्यक्ष खापर्डे, अध्यक्ष शंकरन नायर, आणि टिळक तुरुंगात. सुरेंद्रनाथ बॅनर्जी बोलता बोलता टिळकांवर आले तेव्हा अख्ख्या मांडवाला गलबलून आलं होतं. आणखी एक गोष्ट. १८९७ला टिळकांना जामीन मिळवून देणारे बॅरिस्टर होते दिनशा दावर. आज, अकरा वर्षांनी, न्यायमूर्तींच्या खुर्चीवर तेच आहेत. दावरांच्या मनात काय चाललं असेल यावर बाकावर कुजबुज होते. मला विचाराल तर त्यांना तो जामीन विसरता आला नसावा. म्हणूनच ते जास्त कडक झाले असावेत. हा माझा अंदाज, पुरावा नाही.

१५ जुलैच्या दुपारी टिळक बोलायला उभे राहतात आणि २२ तारखेपर्यंत बोलत राहतात. एकूण २१ तासांहून जास्त. मधुमेह असलेला बावन्नाव्या वर्षातला माणूस. तुम्ही आधी मुद्दे टिपून घेता, मग टिपणं थांबतं, मग फक्त त्यांचा आवाज बसतोय का याकडे लक्ष राहतं.

२२ तारखेची दुपार. सरकारी वकिलाचं उत्तराचं भाषण सुरू आहे. दावर आजच काम संपवणार हे कळतं, आणि वकील लोकांचे चेहरे बदलतात. रात्री बसून निकाल देणारं कोर्ट सोडून देण्यासाठी बसत नाही. मधल्या सुटीत चहा येतो. या चहाची गोष्ट टिळकांच्या आठवणींत सांगितली जाते: आजचा रंग वेगळा दिसतो, बहुधा जन्मठेप, आपला एकत्र चहा हा शेवटचा असेल, असं टिळक दादासाहेबांना सहज बोलल्यासारखं बोलले. तुम्ही बाजूला उभे आहात. आरोपी समजूत घालतोय आणि मित्राला ती घालून घ्यावी लागतेय. कप खाली ठेवताना दादासाहेब काय म्हणाले? तुम्हाला ऐकू आलं नाही, आणि मी ते बनवून सांगणार नाही.

दिवे लागतात. दावर ज्युरीला सारांश सांगतात. आठ वाजून तीन मिनिटांनी नऊ माणसं उठून आत जातात.

इथे थांबा. पुढचा सव्वा तास घाईनं काढता येणार नाही.

पहिली दहा मिनिटं सगळे बोलतात. इतका वेळ लागतोय म्हणजे आत वाद आहे, वाद आहे म्हणजे आशा आहे, असा हिशोब कुणी मांडतो. लगेच दुसरा म्हणतो, एकमत व्हायला नको, नऊपैकी सहा पुरतात, न्यायमूर्तींना पटलं की झालं. मग बोलणं विरतं. कुणी पागोटं काढून पुन्हा बसवतो, कुणी घड्याळ बघून ते चालतंय का म्हणून कानाला लावतो. तुम्हाला तर निकाल पाठ आहे. काळाच्या या बाजूला तुम्ही एकटेच तो जाणता. तरी साडेआठनंतर तुमच्या पोटात कालवायला लागतं. पावणेनऊला एक दार वाजतं, तो नुसता चपराशी असतो, आणि तुमच्या लक्षात येतं की तुम्हीही आशा करून बसला होता. पुस्तकातलं सात-दोन कुठल्या कुठे गेलं. कदाचित या खेपेला पाच-चार होईल. कदाचित कुणी अडून बसेल. बाकावर बसलं की माहिती उपयोगी पडत नाही.

आता एक नकोसं काम करा. भिंतीच्या पलीकडे जाऊन ज्युरीतल्या त्या दोघांपैकी एकाच्या खुर्चीत बसा, ज्यांनी ‘दोषी नाही’ म्हटलं. ते दोघे पारशीच असावेत असं सगळे धरून चालतात. नावं कोर्ट सांगत नाही. खोलीत उरलेले सात जण मुंबईतलेच, व्यवहारातले, उद्याही भेटणारे. आवाज कुणी चढवत नाही, सभ्यपणे विचारतात: तुमचं अजून तेच का? तुम्ही म्हणता, तेच. ठीक. मोजणी होते. तुमचं ‘नाही’ मोजलं जातं आणि त्यानं काहीच बदलत नाही. तरी बाहेर जाताना तुम्हाला रांगेत त्यांच्याबरोबरच चालायचंय, आणि बाकावरचे लोक नऊही चेहऱ्यांकडे एकाच नजरेनं बघणार आहेत. सातांबद्दल मला कणव वाटत नाही. न वाचलेल्या लेखांवर ते निवांत झोपले असतील. पण ती दोन माणसं पुढे आयुष्यभर ही गोष्ट घरात कुणाला सांगू शकली का, याचा विचार येतो.

नऊ वाजून वीस मिनिटं. सात विरुद्ध दोन, दोषी. टिळकांना काही सांगायचंय का, असं विचारलं जातं. ज्युरीनं काहीही म्हटलं तरी मी निर्दोष आहे, न्यायालयापेक्षा मोठी शक्ती जगाचं चालवते, आणि माझ्या मोकळेपणापेक्षा माझ्या हालांनीच हे कार्य पुढे जावं अशी तिची इच्छा असेल, अशा अर्थाचं ते थोडक्यात बोलतात. ते शब्द आज त्याच दालनाबाहेर संगमरवरात कोरलेले आहेत. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागलांनी त्या शिळेचं अनावरण केलं. तुम्ही ते पहिल्यांदा ऐकताय, आणि खरं सांगायचं तर नीट ऐकूही येत नाही, कारण कानात रक्त वाजतंय. सहा वर्षं काळं पाणी, हजार रुपये दंड. रात्रीच त्यांना साबरमतीच्या तुरुंगाकडे रवाना करतात. उद्या २३ जुलै, त्यांचा वाढदिवस.

शहर पुढे सहा दिवस पेटलेलं असतं, गिरण्या बंद, गोळीबार. तुम्ही परतीच्या गाडीत. अकोल्याच्या फलाटावर मघाचेच पाटील नसतील, पण तसाच एक माणूस खिडकीशी येतो.

“किती झाले?”

“सहा.”

“मयने?”

तुम्ही मान हलवता. तो पुढचं विचारत नाही.

हवं तर इथे उतरा आणि अकोल्याच्या सेशन कोर्टात डोकावून या. इथे ज्युरी नसते, असेसर बसतात: यादीतून नाव निघालेला एखादा देशमुख, एखादा व्यापारी. खुनाच्या खटल्यातही प्रत्येकाचं मत विचारून लिहून घेतात, पण ते न्यायाधीशावर बंधनकारक नाही. म्हणजे जबाबदारी आहे, अधिकार नाही. फाशी झाली तर आरोपीचा भाऊ आठवडी बाजारात यांच्याकडेच बघणार. असेसर १९५५च्या दुरुस्तीनं गेले. ज्युरीही मुंबईतल्या नानावटी खटल्यानंतर हळूहळू संपली. साक्षीदार, फिर्यादी आणि दोन्हीकडचे नातेवाईक मात्र अजून त्याच बाकांवर आहेत.

दादासाहेबांचं पुढे काय झालं? ऑगस्टात ते विलायतेला निघाले, प्रिव्ही कौन्सिलमध्ये टिळकांसाठी दाद मागायला. अर्ज फेटाळला गेला. तरी ते दोन वर्षं तिथेच खटपट करत राहिले, आणि इकडे अमरावतीत चालती वकिली बसली. १९१०च्या शेवटी येताना मंडालेला टिळकांना भेटून आले, आणि डिसेंबरात शिर्डीला साईबाबांकडे गेले. पुढच्या वर्षी पुन्हा गेले ते ६ डिसेंबर १९११ पासून १५ मार्च १९१२ पर्यंत तिथेच. त्यांची त्या दिवसांची रोजनिशी छापलेली आहे. देवाधर्माची पुस्तकं वाचणारे ती भक्तीसाठी वाचतात. मला तिच्यात एक थकलेला वकील दिसतो, जो रोज उठून नोंद करतो, घरी जायची परवानगी आज मिळाली की नाही. साडेतीन वर्षांपूर्वी ज्याच्या डोळ्यांदेखत मित्राला नेलं, त्याला कुणीतरी ‘थांब’ म्हणणं बहुधा हवंच होतं.

मार्चात परवानगी मिळते. अमरावतीत कचेरी पुन्हा उघडते. टिळक सुटायला अजून सव्वादोन वर्षं आहेत, आणि अशील मात्र वाट बघत नाहीत. तुम्ही बाहेरच्या ओसरीवर दौत-टाक घेऊन बसलेले. मोर्शीकडचा एक पोरगा येतो. त्याच्या थोरल्या भावाची उद्या तारीख आहे, निकाल लागायचा.

“बाबूसाहेब, मायले आनू काय संगं? थे म्हनते, मी येतो.”

आत दादासाहेबांच्या पुस्तकाची पानं उलटायची थांबलेली असतात. तुम्ही टाक खाली ठेवता.

“आण. पण एकटी बसवू नको. मामा असंल त्यालेही घेऊन ये, भाकर बांधून आण. अन् आपला नंबर संध्याकाळपर्यंत लागला नाही, तरी उठून जाऊ नका.”