मोस्ताचा घुमट



लेक-जावयाबरोबर माल्टाला जाऊन आले, त्याविषयी लिहायचं राहूनच गेलं होतं. भूमध्य समुद्रातलं हे बेट आपल्या बृहन्मुंबईपेक्षाही लहान. तिथलं मोस्ता म्हणजे एकेकाळचं शेतकऱ्यांचं खेडं, आता उपनगरासारखं झालेलं. पण गावाच्या मानाने चर्च केवढं! रोमच्या पॅन्थिऑनवरून स्फूर्ती घेऊन ग्रोनिये द व्हासे याने ते योजलं. काम 1833 साली सुरू झालं. गावकरी सुट्टीच्या दिवशी श्रमदानाला यायचे.

मला भावलं ते वेगळंच. त्यांनी जुनं चर्च आधी पाडलं नाही. त्याच्याभोवतीच नव्या भिंती उभारल्या आणि आत प्रार्थना चालू राहिली. नवं उभं राहिल्यावर, 1860च्या सुमारास, आतलं जुनं काढून टाकलं.

ऐकताना आमची शाळा आठवली. तिथे आधी जुनी इमारत पाडली. नवी व्हायला चार वर्षं लागली. तोवर माझा सातवीचा वर्ग देवळाच्या ओसरीत. पाऊस आला की मुलींना घरी पाठवावं लागे. त्यातल्या काही पुन्हा आल्याच नाहीत. त्यांची नावं हजेरीपटावर मीच लाल शाईने खोडली.

9 एप्रिल 1942 रोजी जर्मन विमानातला एक बॉम्ब हा घुमट फोडून आत पडला. आत अडीचशेहून अधिक माणसं होती. बॉम्ब फुटलाच नाही. तसाच एक बॉम्ब तिथे मांडून ठेवलाय. त्याच वर्षी 15 ऑगस्टला, म्हणजे मोस्ताच्या जत्रेच्या, सांता मारियाच्या दिवशी, 'ओहायो' हे तेलवाहू जहाज मोडक्या अवस्थेत बेटावर पोचलं आणि वेढ्यातल्या लोकांना तग धरता आला. आजही त्या दिवशी बँड, पताका, आतषबाजी आणि मूर्तीची मिरवणूक असते.

जावईबापूंनी विचारलं, "आई, तुम्ही इतिहास शिकवलात. हा चमत्कार मानता का?"

म्हटलं, बॉम्ब न फुटण्याची कारणं तंत्रज्ञ सांगतील. पण सत्तावीस वर्षं बांधकाम चाललं आणि एकाही माणसाला प्रार्थनेवाचून परत जावं लागलं नाही, याचं मला जास्त अप्रूप वाटतं.

असो. तुमच्या गावात असं काही झालंय का? जरूर कळवा.