कागदापलीकडचा कान

हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवाच्या काळाबद्दल लिहिताना वाद्यवृंदाचा विषय निघाला, की श्रेय बहुतेक वेळा पाश्चात्त्य स्वरलिपीला मिळते. गोव्याहून मुंबईत आलेले वादक लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवत, म्हणून पन्नास-साठ जणांचा ताफा एका दिवसात नवे गाणे उभे करू शके, असे सांगितले जाते. यात खोटे काही नाही, पण सगळे खरेही त्यात येत नाही. कोणी काय वाजवायचे हे कागदाने ठरवले आणि वेळ वाचवला. इतक्या लोकांचे वादन एका माणसाच्या मनातून आल्यासारखे का वाटते, याचे उत्तर मात्र कागदावर सापडत नाही. ते वादकांच्या एकमेकांकडे लागलेल्या कानात आहे. हा कान उपजत नव्हता. तो तीन ठिकाणी घडला: गोव्याच्या चर्चमध्ये, आपल्याकडच्या साथसंगतीत आणि 1950 ते 1975 या काळातल्या मुंबईच्या रेकॉर्डिंग स्टुडिओत. त्याचा इतिहास स्वरलिपीच्या इतिहासाइतकाच महत्त्वाचा आहे.

सुरुवात गोव्यापासून करावी लागते. 1510 साली पोर्तुगीजांनी गोवा घेतल्यावर चर्चला जोडलेल्या शाळा सुरू झाल्या आणि तिथे धर्मशिक्षणाबरोबर संगीतही शिकवले जाऊ लागले. या शिक्षणाचा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. मुलाच्या हातात आधी व्हायोलिन येत नसे. आधी सोल्फेज, म्हणजे कागदावरचा स्वर पाहून तो डो-रे-मीच्या नावाने गळ्यातून नेमका काढायचा आणि हाताने मात्रा मोजायच्या. स्वर मनात ऐकू आल्याशिवाय वाचता येणार नाही, अशीच ही रीत होती. पुढे तोच मुलगा चर्चच्या गायकवृंदात उभा राही. तिथे एकाच वेळी वेगवेगळ्या पट्ट्यांत वेगवेगळ्या ओळी चालत, आणि शेजारचा आपल्यापेक्षा वेगळे गात असताना स्वतःचा स्वर न सोडणे, तरीही त्याच्या स्वराशी जुळवून घेणे, ही सवय लहानपणीच अंगी मुरे. ईस्टरपूर्वीच्या उपासकाळातल्या मोतेत या धार्मिक गीतांना व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि डबल बासची साथ असे. म्हणजे गोव्याचा वादक ‘वाचणारा’ होता, पण त्याचे वाचन कानावरच उभे होते. हीच मंडळी पुढे मुंबईत धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे गावागावाच्या सामाईक वसतिगृहांत, राहून मूकपटांच्या थिएटरांत, हॉटेलांत आणि नाचाच्या बँडमध्ये वाजवू लागली. 1935 साली लिऑन अ‍ॅबी यांचा जाझ बँड ताजमहाल हॉटेलात आला आणि या वादकांपुढे ऐकण्याचा आणखी एक धडा आला. जाझमध्ये एकजण उत्स्फूर्त वाजवत असताना बाकीच्यांनी तो चालीत कुठे पोचला आहे हे कानानेच ओळखायचे असते. अंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट याच वातावरणातून पुढे आले आणि सी. रामचंद्रांच्या गाण्यांत त्यांचा ट्रम्पेट घुमला. 1951 च्या ‘अलबेला’त तर ते आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात.

दुसरी परंपरा आपल्या साथसंगतीची. संगीत नाटकात गंधर्व नाटक मंडळीकडे तबल्याला अहमदजान थिरकवा आणि सारंगीला कादरबक्ष असे दिग्गज होते, पण कितीही मोठा वादक असला तरी त्याचे ध्यान एकाच ठिकाणी असे: गाणाऱ्याच्या गळ्यावर. सारंगिया गायकाची जागा ऐकतो आणि क्षणभर मागून ती उमटवतो. तबलजी आवर्तनाचा डोलारा सांभाळत गायक समेवर कधी येणार याचा अंदाज घेत राहतो. इथे कागद नसतो आणि आधी ठरवलेलेही फार थोडे असते. हे ऐकणे एकाच दिशेने जाते, साथीदाराकडून मुख्य कलाकाराकडे. चर्चच्या आणि जाझच्या वादकाचे ऐकणे आडवे असते, बरोबरीच्याकडून बरोबरीच्याकडे. मुंबईच्या चित्रपट-वाद्यवृंदाने या दोन दिशा एका खोलीत आणल्या, आणि माझ्या मते त्याचे वेगळेपण इथेच आहे.

त्या खोलीत काय घडत होते, ते जरा जवळून पाहू. 1931 च्या ‘आलम आरा’च्या वेळी पार्श्वगायन नव्हते. चित्रीकरण चालू असताना वादक कॅमेऱ्याच्या नजरेआड बसून वाजवत. 1935 पासून पार्श्वगायन रुळू लागले आणि वाद्यवृंदाला स्वतःची जागा मिळाली. पुढची कित्येक वर्षे ध्वनिमुद्रण एकाच ट्रॅकवर होत असे. गायक, व्हायोलिनचा ताफा, बासरी, सतार, मेंडोलिन, ढोलक, काँगो, सगळे एकदमच. कोणाचा आवाज मोठा आणि कोणाचा लहान, हे नंतर फारसे बदलता येत नसे. म्हणून मोठ्या आवाजाचे वाद्य माइकपासून लांब आणि नाजूक आवाजाचे जवळ, अशी बैठक असे, आणि उरलेला तोल ज्याने-त्याने कानाने सांभाळायचा. आता एक साधा हिशेब. ध्वनी सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. दालनाच्या एका टोकाला ढोलक आणि 15 मीटरवर दुसऱ्या टोकाला व्हायोलिन असेल, तर ढोलकाची थाप तिथे पोचायला सुमारे 44 मिलिसेकंद लागतात. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत पाव मात्रा 125 मिलिसेकंदांची असते. म्हणजे थाप ऐकून गज ओढणारा वादक पाव मात्रेच्या तिसऱ्या हिश्शाने मागे पडेल. त्याने ऐकायचे, पण ऐकलेल्याची वाट पाहायची नाही. पुढची थाप कधी पडणार हे आधीच्या थापांवरून ताडून तिच्याबरोबर निघायचे. हे कोणत्याही स्वरलिपीत लिहिता येत नाही.

सुराची गोष्टही तशीच. पियानो आणि अकॉर्डियन यांचे सूर समान अंतरांवर बांधलेले असतात. त्यांचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या नैसर्गिक गंधारापेक्षा सुमारे 14 सेंटनी चढा असतो, आणि सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग. कागदावर दोन्ही गंधारांचे चिन्ह एकच. मग गायिका नैसर्गिक गंधारावर थांबली आहे आणि मागे अकॉर्डियन चालू आहे, अशा वेळी व्हायोलिनने कुठला गंधार लावायचा? त्या क्षणी कोणाचा स्वर पुढे आहे, हे ऐकून बोट सूतभर सरकवायचे, एवढाच मार्ग उरतो. ओळींच्या फटीत गळ्याच्या मागून वाहणारे जे धून-तुकडे असतात, त्यांना या व्यवसायात ‘ऑब्लिगाटो’ म्हणतात. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्यासाठी व्हायोलिनचे असे तुकडे लिहिले, की ते काढून टाकले तर गाणे ओळखीचे वाटणार नाही. पण गायकाची मुरकी किती लांबेल आणि श्वास कुठे तुटेल, हे त्यांनाही लिहिता आले नसते. त्याच ताफ्यात दत्ताराम वाडकर होते, ज्यांच्या नावाने ‘दत्ताराम ठेका’ आजही ओळखला जातो. ‘आवारा’च्या स्वप्नदृश्यातल्या गाण्यात तमाशाच्या परंपरेतले ढोलकीवादक लाला गंगावणे वाजवत होते. एकीकडे नोटेशन वाचणारे व्हायोलिनवादक, दुसरीकडे बोलांवर वाढलेली ढोलकी, आणि दोघांमधला दुवा फक्त कान.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की एवढे जुळवणारा संचालक समोर उभा असतोच, मग वादकांच्या ऐकण्याला इतके महत्त्व कशाला? संचालकाचा हात सुरुवात दाखवतो, लय दाखवतो, चढ-उतार सुचवतो. वरच्या हिशेबातली अडचण सोडवायला तो हवाच. पण गजाचा दाब किती, बासरीची फुंक कुठे सुरू होते, शेजारच्याचा गंधार किती चढला, हे त्याच्या हातात मावत नाही. दुसरा आक्षेप असा, की जगातला प्रत्येक चांगला वाद्यवृंद ऐकूनच वाजवतो, मग मुंबईचे कौतुक ते काय? युरोपातल्या वाद्यवृंदात बसलेले सगळे एकाच शिक्षणातून आलेले असतात. ‘स्वरात असणे’ म्हणजे काय, यावर त्यांचे आधीच एकमत असते. मुंबईत ते एकमत रोज नव्याने करावे लागे. तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: एकाची चूक झाली की सगळ्यांचा रिटेक, म्हणून ही सावधगिरी पोटाच्या भीतीतून आली, तिला कला म्हणू नये. व्यवसायाची सक्ती होतीच. पण सक्तीतून शिस्त आली, तरी तिचे काय करायचे हे माणसे ठरवतात. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या आवारात आपल्या इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम केला. रागसंगीत आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ एकत्र आणणाऱ्या त्या रचनांत लता मंगेशकर आणि मन्ना डे गायले. ते काम कोणत्याही निर्मात्याने सांगितलेले नव्हते. स्टुडिओत कमावलेला कान या वादकांना स्वतःच्या संगीतासाठी हवा होता, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

माझ्या म्हणण्याची खरी कसोटी पुढच्या काळात लागते. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून मुंबईत अनेक ट्रॅकचे ध्वनिमुद्रण आले. ताल वेगळा, व्हायोलिन वेगळे, गायक वेगळा. नव्वदीपर्यंत संगणक आणि सिंथेसायझर सर्वत्र पसरले आणि मोठे ताफे मोडले. या सगळ्यात नोटेशन कुठेही गेले नाही. वाचणारे वादक आजही आहेत, आणि उत्तम आहेत. मोठेपण कागदात असते, तर ते टिकायला हवे होते. पण कानात हेडफोन आणि हेडफोनमध्ये लय मोजून देणारी क्लिक आल्यावर शेजारच्याला ऐकण्याची गरज संपली, आणि त्याबरोबर तो एकजीव नादही विरळ झाला. यात केवळ जुन्याची हळहळ आहे, असे कोणी म्हणेल. नव्या तंत्राने पुष्कळ दिले, हे मान्य करायला हवे. राहुलदेव बर्मन यांचे प्रयोग आणि केरसी लॉर्ड यांचे सिंथेसायझरवरचे काम हे त्याचेच फळ. मात्र ही माणसे एकत्र वाजवण्याच्या शाळेत तयार झाली होती. यंत्र हातात येण्याआधी त्यांचा कान घडलेला होता. पुढच्या पिढीला यंत्र मिळाले आणि ती शाळा मिळाली नाही. तोटा यंत्रामुळे झालेला नाही, शाळा बंद पडल्यामुळे झाला आहे.

म्हणून दोन गोष्टी करायला हव्यात. आपल्या संगीत विद्यालयांत परीक्षा एकेकट्याची होते. तिथे चार मुलांनी क्लिकशिवाय, एका खोलीत, एकमेकांना ऐकत वाजवण्याचा तास अभ्यासक्रमात असला पाहिजे. आणि त्या स्टुडिओंत वाजवलेले जे वादक आज आपल्यात आहेत, त्यांच्याकडून कोण कुठे बसे, कोणाकडे कान असे, कुठल्या गाण्यात काय ठरवून झाले आणि काय ऐकून झाले, हे सविस्तर ध्वनिमुद्रित करून घेतले पाहिजे. नोटेशनचे कागद एखाद्या संग्रहात कधीतरी सापडतील. हे ज्ञान मात्र फक्त माणसांपाशी आहे, आणि त्यांचे वय झाले आहे.