पडद्यावरची प्रयोगशाळा

डिजिटल टेलिफोनवर आपण ‘हॅलो’ म्हणतो, तेव्हा आवाज जसाच्या तसा पुढे जात नाही. तो सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि पलीकडे जातात ते आकडे. त्या आकड्यांवर संस्कार करण्याचे शास्त्र म्हणजे डिजिटल सिग्नल प्रोसेसिंग.

१९६५ मध्ये कूली आणि ट्यूकी या दोघांनी संदेशातल्या निरनिराळ्या कंपनसंख्या झटपट वेगळ्या काढण्याची रीत प्रसिद्ध केली आणि या शास्त्राने वेग घेतला. गंमत म्हणजे, तीच युक्ती गाउसने १८०५ च्या सुमारास लघुग्रहांच्या कक्षांचे गणित करताना लॅटिनमध्ये लिहून ठेवली होती. छापून आली ती त्याच्या पश्चात, १८६६ मध्ये.

पुढे पाठ्यपुस्तके निघाली, पण विषय कानाचा आणि शिकवणी फळ्यावरची, ही अडचण काही सुटेना. प्रयोगाला महागडी यंत्रे लागत, नाहीतर विकतचे सॉफ्टवेअर. घरबसल्या शिकणाऱ्याने काय करावे? अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीत प्राध्यापक अँड्रियास स्पॅनियास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस यावर तोड काढली. तिचे नाव जे-डीएसपी. इंटरनेटच्या ब्राउझरमध्येच जावा भाषेत लिहिलेली प्रयोगशाळा उघडायची. एक चौकोन संदेश निर्माण करणारा, दुसरा गाळणीचा, तिसरा आलेखाचा. माउसने ते मांडायचे, रेघांनी जोडायचे, की प्रयोग सुरू!

अशा मांडणीवर मला सर्वांत आवडतो तो फसवणुकीचा प्रयोग. मोजमाप सेकंदाला ८,००० वेळा ठेवा आणि सुराची कंपनसंख्या वाढवत न्या. ३,००० ला आलेखातले शिखर ३,००० वरच दिसते. ५,००० करा, तरी ते ३,००० वरच! ७,००० केले तर चक्क १,००० वर येते. मोजणीच्या निम्म्यापुढे गेलेला सूर असा खोटे रूप घेऊन परततो. सिनेमात टांग्याचे चाक उलटे फिरताना दिसते, त्याच जातीचा हा भास. सूत्र पाठ करूनही जे उमजत नाही, ते मागे फिरणारे शिखर एकदा पाहिले की विसरता येत नाही.

आपल्याकडेही केंद्र सरकारच्या शिक्षण अभियानातून, आयआयटींच्या सहभागाने ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ उभ्या राहिल्या. त्यांत या विषयाचेही प्रयोग आहेत.

पण ज्या खुंटीवर जे-डीएसपी टांगली होती, ती खुंटीच निघाली. सुरक्षिततेच्या कारणास्तव क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये जावाचा आधार काढून घेतला. गणितात एक अक्षर चुकले नव्हते, तरी जुनी प्रयोगशाळा उघडेनाशी झाली. गाउसचे लॅटिन मात्र आजही वाचता येते! अ‍ॅरिझोनाच्या मंडळींनी मग तेच चौकोन आणि त्याच रेघा एचटीएमएल-५ मध्ये पुन्हा बांधायला घेतल्या.