मोबाइलवरचा गोल्फ, वारा आणि भारतात निवर्तलेला एक तोफशास्त्रज्ञ

पनवेल तालुक्यात, खारघरच्या डोंगरांच्या कुशीत सिडकोने उभारलेले गोल्फ मैदान आहे. तेथे खेळण्याचा योग आपल्यापैकी फार थोड्यांना येतो. मोबाइलवरचा गोल्फ मात्र पनवेल लोकलमध्ये उभ्याउभ्याही खेळता येतो. पडद्याच्या कोपऱ्यात वाऱ्याची दिशा दाखवणारा बाण, त्याशेजारी वेगाचा आकडा आणि चेंडूच्या चित्रावर फिरकी ठरवणारा एक ठिपका. आजचा धागा या बाणाचा आणि ठिपक्याचा आहे. त्यांच्यामागचे शास्त्र बंदुकीच्या नळीतून बाहेर आले, आणि ते प्रयोगाने दाखवून देणाऱ्या माणसाचा शेवट आपल्या देशात झाला.

ठिपका खाली सरकवला की चेंडूला उलटी फिरकी मिळते. असा चेंडू भोवतालची हवा खाली ढकलतो, म्हणून हवा त्याला वर उचलते. फिरकी पुढच्या दिशेने असेल तर नेमके उलटे घडते. सुभाष गुप्त्यांसारख्या लेगस्पिनरचा उंच दिलेला चेंडू फलंदाजाच्या अंदाजाआधीच खाली उतरतो, तो याच कारणाने.

आता वारा. येथे बहुतेक खेळाडूंचा (आणि काही खेळ रचणाऱ्यांचाही) समज असा, की वारा चेंडूला केवळ ढकलतो. वस्तुतः चेंडूला जमिनीशी काही देणेघेणे नसते. हवेच्या तुलनेत आपला वेग किती, एवढेच त्याच्या लेखी महत्त्वाचे. समोरून वारा आला की हा सापेक्ष वेग वाढतो, त्यासोबत हवेचा अडथळाही वाढतो आणि फिरकीचा उचलही. परिणामी उलट्या फिरकीचा चेंडू वर वर चढतो, थबकतो आणि जवळजवळ सरळ खाली येतो. म्हणून समोरचा वारा जेवढे अंतर खातो, तेवढे पाठीमागचा वारा परत देत नाही. जो खेळ वारा आणि फिरकी यांचा हिशेब वेगवेगळा करून शेवटी नुसती बेरीज मांडतो, तो येथेच उघडा पडतो. अशा वाऱ्यात जाणता खेळाडू फिरकी कमी करून चेंडू ठेंगणा मारतो.

हे प्रथम कोणाच्या ध्यानात आले? १६७२ साली प्रकाशाविषयी लिहिताना न्यूटनने तिरक्या रॅकेटने मारलेल्या टेनिसच्या चेंडूच्या वळणाचा उल्लेख केला होता. पण तो ओझरता. खरा प्रयोग केला बेंजामिन रॉबिन्स याने. जन्म १७०७, बाथ येथे, अहिंसावादी क्वेकर पंथाच्या घरात. आणि आयुष्याचा व्यासंग तोफा! त्याचा तोफशास्त्रावरील ग्रंथ १७४२ सालचा. (त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी मुंबईत गोल्फ क्लब निघाला.) रॉबिन्सने बंदुकीच्या नळीचे टोक डावीकडे वाकवले आणि पुढे पातळ कागदाचे पडदे टांगले. गोळी आधी डावीकडे गेली आणि मग हवेत वळून उजवीकडे आली. वाकलेल्या नळीच्या उजव्या बाजूला घासत गेल्याने तिला उजवीकडची फिरकी मिळाली होती, आणि त्या फिरकीने नळीच्या दिशेवर मात केली होती.

पुढे जे झाले ते मला अधिक बोचते. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने १७४५ साली रॉबिन्सचा ग्रंथ जर्मन भाषेत आणला, भरपूर टीपा जोडल्या. फिरकीचे कारण मात्र अमान्य करून गोळ्याच्या ओबडधोबड आकाराकडे बोट दाखवले. रॉबिन्सला मग कंपनी सरकारने किल्ल्यांच्या मजबुतीसाठी मद्रासच्या दक्षिणेकडील फोर्ट सेंट डेव्हिड येथे पाठवले. तेथेच १७५१ च्या जुलै महिन्यात त्याचा मृत्यू झाला. एका शतकाने, १८५२ साली, बर्लिनच्या माग्नुसने हाच परिणाम प्रयोगाने सिद्ध केला आणि नाव त्याचे लागले.

गोल्फशी त्याचे नाते जोडले एडिंबरोच्या प्राध्यापक टेट यांनी, १८९० च्या दशकात. त्यांनी चेंडूला लांब फीत बांधली, तो चिकणमातीच्या भिंतीवर मारायला लावला आणि फितीला पडलेले पीळ मोजले. उलटी फिरकी हा मारलेल्या फटक्यातला दोष नसून लांब पल्ल्याचे रहस्य आहे, हे त्यातून कळले. त्यांचा मुलगा फ्रेडी याने १८९६ आणि १८९८ साली ब्रिटनची हौशी अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकली होती, म्हणजे प्रयोगाला हात घरचाच उपलब्ध होता.

१९८४ साली निन्टेन्डोचा 'गोल्फ' आला. तो लिहिणारे सातोरू इवाता पुढे त्याच कंपनीचे अध्यक्ष झाले. पहिल्या दाबाने फटका सुरू, दुसऱ्याने जोर, तिसरा चुकला की चेंडू डावी-उजवीकडे वळे. सोबत वाऱ्याचा बाण होताच. चेंडूवरचा ठिपका पुढच्या खेळांत रुळला. आज असे खेळ लिहिणारे त्या वळणाच्या बलाला माग्नुसच्याच नावाने ओळखतात.