उभ्या रेघेची कुळकथा

कळफलकावर एंटरच्या आसपास एक उभी रेघ असते: |. तिला ‘पाइप’ म्हणतात. बहुतेकांचा तिच्याशी कधी संबंध येत नाही. पण आज एआयचे भाषा-मॉडेल पर्ल, पायथन आणि ऑक या भाषांतल्या प्रोग्रामांच्या रांगेत बसवून काम करून घेता येते, ते मुळात या रेघेमुळे. मॉडेल नवे आहे, रांग मात्र पन्नास वर्षांची आहे आणि तिचे नियमही तितकेच जुने आहेत.

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्ज होत्या. तिथल्या डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी एक छोटे टिपण टाइप केले. बागेतल्या रबरी नळीला गरजेप्रमाणे पुढचा तुकडा जोडावा, तसे एका प्रोग्रामला दुसरा प्रोग्राम जोडण्याची सोय हवी, असा त्याचा आशय. ज्या संगणकप्रणालीत पाइप पुढे आला, ते युनिक्स तेव्हा जन्मालाही आलेले नव्हते. ते १९६९मध्ये आले, आणि मॅकिलरॉय यांनी आपली मागणी सोडली नाही. शेवटी १९७३च्या सुरुवातीला त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांनी एका रात्रीत पाइप लिहून काढला. खुणेसाठी आधी > हेच चिन्ह वापरले होते, उभी रेघ थोड्याच काळाने आली.

त्या रात्रीचे खरे काम मला वेगळेच वाटते. नुसता पाइप असून भागणार नव्हते, कारण तेव्हाचे बरेच प्रोग्राम फाइलचे नाव मागत आणि तीच फाइल वाचत. नाव दिले नाही, तर समोरून जो मजकूर येईल तो वाचायचा, असे त्यांना शिकवावे लागले. थॉम्पसन यांनी तेही केले. आता ओळींचा क्रम लावणाऱ्या ‘सॉर्ट’ला मजकूर फाइलमधून आला की दुसऱ्या प्रोग्रामकडून, याच्याशी देणेघेणे उरले नाही. ओळी येतात, त्या लावायच्या आणि पुढे सोडायच्या.

यातून एक अलिखित करार तयार झाला. साधा मजकूर घ्यायचा, साधाच मजकूर द्यायचा आणि वायफळ बोलायचे नाही. आपले बोलणे ऐकणारा माणूस नसून पुढचा प्रोग्राम आहे, हे धरूनच चालायचे.

शेवटच्या कलमाची किंमत लवकरच कळली. सत्तरच्या दशकात बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटर आला. मजकूर पाइपमधून त्या यंत्राकडे जाई, प्रकाशाने कागदावर उमटे आणि मग तो कागद रसायनात धुऊन काढायचा. एका दुपारी काही जणांनी अशी सगळी खटपट करून कागद बाहेर काढला, तर त्यावर सुबक टायपात एकच ओळ होती: अमुक फाइल उघडता आली नाही. प्रोग्रामची तक्रार मजकुराच्याच वाटेने निघाली होती आणि यंत्राने ती इमानाने छापली होती. त्यानंतर तक्रारींसाठी वेगळी वाट काढण्यात आली. ती म्हणजे स्टँडर्ड एरर.

जानेवारी १९८०मध्ये बेल लॅब्जमधल्याच डेनिस रिची यांनी आणखी एक लहानशी सोय केली. स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत #! लिहून ती कोणत्या भाषेच्या दुभाष्याकडे द्यायची ते सांगायचे. १९८७मध्ये पर्ल आली, १९९१मध्ये पायथन आली आणि दोघी त्या ओळीमागे निमूट बसल्या. वापरणाऱ्याला आतली भाषा विचारावी लागत नाही. अनेक भाषांच्या स्क्रिप्ट एका रांगेत चालतात त्या या दोन अक्षरांच्या बळावर.

करारात खरी ताकद किती आहे, ते १९८६मध्ये दिसले. जॉन बेंटली यांनी आपल्या प्रोग्रामिंगवरच्या सदरासाठी संगणकशास्त्रज्ञ डॉनल्ड कनूथ यांना एक प्रश्न दिला: मजकुरात सर्वाधिक वेळा आलेले शब्द मोजून दाखवा. कनूथ यांनी कित्येक पानांचा, अतिशय देखणा प्रोग्राम लिहिला. समीक्षेला मॅकिलरॉय होते. त्यांनी त्याचे मनापासून कौतुक केले आणि मग तेच काम सहा आज्ञांच्या पाइपने करून दाखवले. अक्षरांखेरीज जे काही असेल तिथे ओळ मोडा, मोठी अक्षरे लहान करा, क्रम लावा, सारख्या ओळी मोजा, संख्येप्रमाणे पुन्हा लावा, वरच्या तेवढ्या दाखवा.

हीच रांग मराठी मजकुरावर चालवली तर पहिल्याच पायरीवर सारे संपते. तिथे अक्षर म्हणजे फक्त रोमन अक्षर, त्यामुळे आपला सगळा मजकूर एक कोरी ओळ होऊन जातो. एक मोठी अडचण मात्र आधीच सुटलेली आहे. सप्टेंबर १९९२मध्ये थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतल्या एका खानावळीत, टेबलावरच्या कागदी मॅटवर यूटीएफ-८ची, म्हणजे सगळ्या लिप्यांची चिन्हे बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीची, रचना मांडली. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तिच्यात तीन बाइट घेते; ‘पाणी’ लिहायला बारा लागतात. पण त्यातला एकही बाइट ओळ मोडणाऱ्या बाइटसारखा दिसत नाही. म्हणून ओळी मोजणारे जुने प्रोग्राम मराठी ओळीही बिनचूक मोजतात. त्यांना आपली लिपी शिकवावी लागली नाही.

शब्द तोडताना मात्र जपावे लागते. पायथनच्या नेहमीच्या रेजेक्स (मजकुरात नमुने शोधणाऱ्या) मॉड्यूलला काना-वेलांटी म्हणजे अक्षर वाटत नाही. ‘पाणी’चे ते ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे करते. पर्लमध्ये युनिकोड चालू केले की शब्द अख्खा राहतो. म्हणून तोडायला पर्ल, मोजायला ऑक, अशी वाटणी मी ठेवतो.

एवढे करूनही मोजणी चुकतेच, कारण पाणी, पाण्यात, पाण्याने, पाण्यावाचून हे चार वेगळे शब्द मोजले जातात. यांचे मूळ एक आहे हे ओळखायला सामान्यरूप कळावे लागते. इथे भाषा-मॉडेल खरोखर उपयोगी पडते. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी आले तेव्हा मॉडेल गप्पांच्या खिडकीत होते. २०२३मध्ये सायमन विलिसन यांच्या ‘एलएलएम’सारख्या साधनांनी ते आज्ञांच्या रांगेत आणले: एका बाजूने मजकूर ओता, दुसऱ्या बाजूने उत्तर घ्या.

रांगेत आले तरी बोलायची सवय सुटली नाही. मॉडेलला माणसाशी अदबीने वागायला शिकवलेले असते. मूळ शब्द मागितले तर ते आधी ‘नक्कीच, ही घ्या यादी’ असे लिहिते, आणि पुढचे ऑक ‘नक्कीच’ हा शब्दही मोजते. फोटोटाइपसेटरच्या कागदावरची ती ओळ हीच. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने मॉडेल आणि साधने जोडण्यासाठी मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल जाहीर केला. त्यात एकाच यंत्रावरची साधने जोडताना याच जुन्या वाटा वापरल्या आहेत आणि नियमही तोच आहे: मुख्य वाटेवर ठरलेल्या संदेशाखेरीज काहीही लिहायचे नाही, बाकीच्या नोंदी स्टँडर्ड एररवर.

माझे मत स्पष्ट आहे. मोजणी मॉडेलकडे देऊ नये. क्रम लावणे, सारखे ओळखणे, बेरीज करणे ही कामे जुने प्रोग्राम आज जशी करतात तशीच उद्याही करतील. जिथे अर्थ कळावा लागतो तेवढीच पायरी मॉडेलला द्यावी, तीही वाक्यासकट. पर्लने तोडलेला सुटा शब्द पुढे ढकलला, तर ‘सोन्याला’ म्हणजे धातूला की सोन्या नावाच्या मुलाला, हे कोणालाच सांगता येणार नाही.

करारात एक जागा मात्र अजून रिकामी आहे. प्रोग्राम संपताना एक आकडा मागे ठेवतो: शून्य म्हणजे काम झाले, दुसरे काहीही म्हणजे बिघडले. शंका सांगायची सोय त्यात नाही, कारण सॉर्टला कधी शंका येत नव्हती. मॉडेल चुकीचे मूळ देऊनही शून्यच ठेवते. म्हणून मी त्याच्याकडून ओळीत तीन रकाने मागतो: मूळ रूप, मजकुरातला शब्द आणि खात्री आहे की नाही. खात्रीचा रकानाही त्याचाच असल्याने तो पुरता विश्वासाचा नाही, पण चाळणी म्हणून चालतो. ऑक ‘नाही’च्या ओळी वेगळ्या फाइलमध्ये टाकते, ‘हो’च्या ओळी मोजणीकडे जातात, आणि ती वेगळी फाइल मी स्वतः वाचतो.