डोक्याची राखण

गळीत हंगामात नगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यात सोनईच्या शिवारातल्या उसाच्या फडावर एक दृश्य दिवसभर दिसते. मोळी उचलण्याआधी तोडणीवाली बाई जुन्या लुगड्याची पट्टी हाताभोवती गुंडाळून चुंबळ करते, ती टाळूवर नीट बसवते आणि मगच ओझे डोक्यावर घेते. फळीवरून ट्रकवर चढायच्या आधी चुंबळ सरकली असेल, तर घाईतही ती क्षणभर थांबते आणि पुन्हा जागेवर बसवते. चुंबळीची सक्ती करणारा कायदा नाही. ती घेतली नाही म्हणून कोणी पावती फाडत नाही. तरीही तिला कोणी फाटा देत नाही. त्याच फडाच्या बांधाला लागून डांबरी रस्ता जातो. त्यावरून ताशी पन्नास-साठ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या मोटरसायकलींवर बोडकी डोकी सर्रास दिसतात. कुठे हेल्मेट असलेच, तर ते आरशाला अडकवलेले असते. ओझे वाहताना डोक्याला इतके जपणारा समाज वेगाने जाताना ते जपणे का विसरला? या प्रश्नाचे उत्तर लोकांच्या बेफिकिरीत शोधायची सवय आपल्याला लागली आहे. माझ्या मते ते इतिहासात शोधायला हवे, कारण तिथे रोगाबरोबर उपायही सापडतो.

आपल्याकडे डोक्यावरची प्रत्येक वस्तू कुठल्या ना कुठल्या कामाने घडवली. नेवासे तालुक्याच्या कोरड्या, उन्हाळ शिवारात राबणाऱ्याला पटका लागला; कापडाच्या घड्यांमध्ये अडकलेली हवा टाळूपर्यंत ऊन पोचू देत नाही. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्याच्या डोंगरी पावसात, भातलावणीला इरले लागले. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगराने घोंगडीची खोळ केली, पाणी आणि मोळी वाहणाऱ्या बाईने चुंबळ केली. युद्धाने शिरस्त्राण दिले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाच्या भेटीला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली पोलादी टोप घातला होता, असे बखरी सांगतात. त्या तयारीमुळे त्यांचे शौर्य कमी झाले, असे साडेतीनशे वर्षांत कोणीही म्हटले नाही. उलट ती त्यांची दूरदृष्टी मानली गेली. ‘शिर सलामत तर पगडी पचास’ ही म्हण पगडीच्या मानापेक्षा शिराला वर ठेवते. या सगळ्यात एकच नियम दिसतो. धोका अंगाला जाणवला किंवा डोळ्यांना दिसला, की त्याचे उत्तर डोक्यावर आले. ऊन पोळते, पाऊस भिजवतो, ओझे मान दुखवते, तलवार समोर चमकते. प्रत्येक धोक्याने आपली ओळख स्वतःच करून दिली आणि त्याला उत्तर द्यायला समाजाला पिढ्यान्‌पिढ्यांचा अवधी मिळाला.

वेगाने हा अवधी दिला नाही. बैलगाडी ताशी चार-पाच किलोमीटर चालते. सोनईच्या शेतकऱ्याचे शेत, बाजार आणि सोयरीक शतकानुशतके त्याच गतीने चालली. मग सत्तरच्या दशकात बारागाव नांदूरच्या मुळा धरणाचे पाणी उजव्या कालव्याने नेवाशाच्या रानात आले, ऊस वाढला, सोनईत मुळा सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि घरोघरी उसाच्या बिलाचा व दुधाच्या पगाराचा पैसा खेळू लागला. याच काळात, १९७२ साली, हस्तीमल फिरोदियांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने लुना बाजारात आणली. नगरच्या मातीशी नाते असलेले हे वाहन पन्नास सीसीचे, पायडल असलेले, दिसायला सायकलीसारखे होते. लोकांनी ते सायकलीसारखेच वापरले, म्हणजे डोक्यावर गांधी टोपी आणि पायात वहाणा घालून. राजदूत आधीपासून होतीच. पुढे दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकवलेली बजाज एम-८० आली आणि १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी-१०० आली. थोड्या पेट्रोलमध्ये दूर नेणाऱ्या गाड्यांनी खेड्यातला उंबरा ओलांडला. राहुरी–सोनई–शिंगणापूर–घोडेगाव हा रस्ता एका पिढीत बैलांच्या चालीवरून इंजिनाच्या चालीवर गेला. वेग दहा-बारा पटींनी वाढला, पण डोक्यावर तीच टोपी राहिली, आणि पुढच्या पिढीने तीही उतरवली. कारण हा धोका पोळत नाही की दुखत नाही. वेग अंगाला जाणवतो तो गार वाऱ्यासारखा. आधीच्या प्रत्येक धोक्याने त्रास देऊन सावध केले. हा पहिलाच असा, जो शेवटच्या क्षणापर्यंत सुख देतो.

जग या बाबतीत आपल्यापेक्षा फार शहाणे होते, असेही नाही. मे १९३५ मध्ये ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स इंग्लंडमध्ये मोटरसायकलवरून पडून डोक्याच्या दुखापतीने गेले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या २१ महिन्यांत ब्रिटनमध्ये मोटरसायकलींवरची २,२७९ माणसे मेली. केर्न्सनी जखमींच्या नोंदी तपासल्या आणि हेल्मेट घातलेल्यांच्या मेंदूची इजा सौम्य असल्याचे १९४१ मध्ये मांडले. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्याने निरोप्या मोटरसायकलस्वारांना हेल्मेट बंधनकारक केले. नागरिकांसाठी कायदा व्हायला ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात १९६१ साल उजाडले आणि खुद्द ब्रिटनमध्ये १९७३. लॉरेन्सच्या मृत्यूनंतर ३८ वर्षे! म्हणून हेल्मेटला पाश्चात्त्यांची रीत म्हणणे चूक आहे. त्यांनाही ते परंपरेतून मिळालेले नव्हते. दिसत नसलेला धोका त्यांना प्रेते मोजून दिसला, आणि तो हिशेब आपल्यालाही उपलब्ध आहे.

हेल्मेट काय करते, हे समजायला चुंबळीइतका जवळचा दाखला नाही. चुंबळ ओझे हलके करत नाही. एका बिंदूवर येणारा भार ती टाळूच्या रुंद भागावर पसरवते. हेल्मेटचे बाहेरचे टणक कवच तेच करते. त्याच्या आतला थर्मोकोलसारखा जाड थर एक काम जास्त करतो: तो स्वतः चेपला जातो आणि डोक्याला थांबायला जागा देतो. दीड मीटर उंचीवरून नुसते खाली पडले, तरी डोके ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने जमिनीवर पोचते. तो वेग तीन मिलिमीटरच्या अंतरात संपला, तर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण पाचशे पट हिसका बसतो; तोच अडीच सेंटीमीटरमध्ये संपला, तर साठ पट. कवटी आणि मेंदूसाठी हा जगण्या-मरण्यातला फरक आहे. पटक्याच्या घड्या उन्हाला पुरतात, या हिसक्याला पुरत नाहीत. डांबरावर घासत जाणाऱ्या माणसाचे हात आपसूक पुढे येतात, म्हणून तळहाताला हातमोजा हवा; वहाण काट्यासाठी होती, घोटा झाकणारा बूट वेगासाठी आहे. पण हाताची जखम बहुधा भरून येते. मेंदूचे तसे नाही, म्हणून मान पहिला हेल्मेटचा. शिवाय ते आयएसआय शिक्क्याचे हवे आणि हनुवटीखालचा पट्टा आवळलेला हवा. पट्टा न लावलेले हेल्मेट म्हणजे सरकलेली चुंबळ. फडावरची बाई ती पुन्हा बसवल्याशिवाय पाऊल टाकत नाही.

पहिला आक्षेप आकड्यांवरच घेतला जातो. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात दुचाकींवरची सुमारे ७५ हजार माणसे अपघातांत मेली आणि हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या ५०,०२९ होती. यावर कोणी म्हणेल की हेल्मेट न घालणारेच जास्त, तर मरणाऱ्यांतही तेच जास्त असणार. हा प्रश्न योग्य आहे. नुसत्या मृतांच्या संख्येवरून हेल्मेटचा गुण सिद्ध होत नाही. त्यासाठी अपघातात सापडलेल्या, हेल्मेट असलेल्या आणि नसलेल्या माणसांची तुलना लागते. अशा ६१ अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २००८ मध्ये आढावा घेतला. हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. हेल्मेटने मानेला इजा होते, ही समजूत त्या आढाव्यातून सिद्ध झाली नाही. ‘गावातल्या गावात कशाला’ याचे उत्तर वरच्या दीड मीटरच्या हिशेबात आहे: सोनई ते शिंगणापूर अंतर पाच-सहा किलोमीटर असले, तरी डोक्यापासून रस्त्यापर्यंतचे अंतर मुंबई-पुण्याला असते तेवढेच असते. उकाड्याचा आक्षेप खरा आहे. पण ऐन वैशाखात नऊ-दहा हात कापड डोक्याला बांधून नांगरणी करणाऱ्यांच्या नातवंडांना तो पेलणार नाही, असे मला वाटत नाही.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा. माझे डोके, माझी मर्जी. पुण्यात हा वाद पुन्हा पुन्हा पेटला. १ जानेवारी २०१९ पासून कारवाई कडक झाली, तेव्हाही मोर्चे निघाले. सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न १९८८ मध्येच हाताळला होता. आंध्र प्रदेशातल्या हेल्मेटच्या नियमाला अजय कनू यांनी आव्हान दिले. नागरिकाचा जीव वाचवणारा नियम त्याच्या संचारस्वातंत्र्यावर घाला घालत नाही, असा न्यायालयाचा निर्णय होता. त्याच वर्षीच्या मोटार वाहन कायद्याने कलम १२९ मध्ये चालवणारा आणि मागे बसणारा या दोघांनाही हेल्मेट बंधनकारक केले. पण कायद्यापेक्षा मला फडाचा न्याय जास्त पटतो. तोडणीत नवरा-बायको मिळून एक कोयता मानला जातो. एक जायबंदी झाला, तर आगाऊ घेतलेली उचल दोघांच्या अंगावर राहते. डोके ज्याचे त्याचे असेल, पण त्याच्या इजेचा भार घरातली बाकीची माणसे वाहतात. पोलिसांची कारवाई कधी कधी जाचक वाटते, ही तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे. ती पोलिसांच्या पद्धतीविरुद्ध आहे, हेल्मेटविरुद्ध नव्हे.

तिसरा आक्षेप या परिसरात अधिक आदराने ऐकावा लागतो, कारण तो श्रद्धेचा आहे. जवळच्या शनिशिंगणापुरात घरांना दारे नाहीत. शनिदेव राखण करतो, हा गावाचा विश्वास आहे. २०११ मध्ये युको बँकेने तिथे कुलूप नसलेली शाखा उघडून त्या विश्वासाला मान दिला. शनिवारी आणि अमावास्येला या रस्त्यावर भाविकांच्या दुचाकींची रीघ लागते. मग राखण करणारा देव असताना हेल्मेट कशाला? त्या गावानेच याचे उत्तर देऊन ठेवले आहे. दार नसले, तरी कुत्री-मांजरे आत शिरू नयेत म्हणून रात्री चौकटीला फळी टेकवण्याची रीत तिथे आहे. दार नसणे हा माणसाच्या सदसद्विवेकावर ठेवलेला भरवसा आहे. चोराला देवाची भीती असते. कुत्र्याला ती नसते, म्हणून फळी लागते. रस्त्यावरच्या खडीलाही ती नसते. फळी लावल्याने शिंगणापूरची श्रद्धा उणी झाली नाही, तशी ती हेल्मेटनेही होणार नाही.

राहिला आक्षेप रस्त्याचा. हंगामात अंधारात मागचा दिवा नसलेल्या, उसाची टोके बाहेर आलेल्या ट्रॉल्या चालतात, रस्त्यावर सांडलेल्या उसावरून चाक घसरते, खड्डे बुजत नाहीत. आधी ते सुधारा, मग आमच्या डोक्याकडे पाहा. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. ट्रॉलीला परावर्तक लावणे हे कारखान्याचे, मुकादमाचे आणि ट्रॅक्टरमालकाचे काम आहे आणि ते त्यांच्याकडून करून घ्यायलाच हवे. दुसरा भाग मात्र उलटा आहे. ट्रकवर चढायची फळी निसरडी आहे म्हणून चुंबळ टाकून देणारी बाई कोणी पाहिली नसेल. रस्ता वाईट असेल, तर हेल्मेटची गरज वाढते.

समाज नवी संरक्षक वस्तू स्वीकारतो, याचा पुरावा प्रत्येक गाडीच्या मागच्या चाकाशी आहे. पदर किंवा ओढणी चाकात अडकू नये म्हणून साडीगार्ड आले. केंद्रीय मोटार वाहन नियमांनी ते बंधनकारक केले, आणि त्याविरुद्ध मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही. ते गाडीबरोबरच आले, म्हणून गाडीचा भाग झाले. हेल्मेटला माणसाच्या सवयीचा भाग व्हावे लागते. ते काम दंडाने सुरू होते, पण दंडाने पुरे होत नाही. गाडी घेताना एक हेल्मेट मिळते. पाठीमागे आडवी बसणारी आई आणि टाकीवर बसलेले लेकरू यांच्यासाठी दुसरे-तिसरे कोणी घेत नाही. शाळेच्या फाटकावर, दूध संकलन केंद्रावर, कारखान्याच्या गेटवर या रिकाम्या डोक्यांकडे बोट दाखवले गेले, तर सवय लवकर लागेल. चुंबळही कोणी जन्मतः शिकून येत नाही. पहिली घागर उचलणाऱ्या लेकीच्या डोक्यावर आई आधी चुंबळ बसवते, हाताने दाबून पाहते आणि मग घागर चढवते. गाडीची चावी पोराच्या हातात देताना घराने एवढाच क्रम पाळायचा आहे: आधी हेल्मेट, मग पट्टा ओढून पाहणे, मग चावी.