हिंदू संघाचे कर्णधारपद आणि विठ्ठल पालवणकर

दोन महायुद्धांच्या दरम्यान मुंबई-पुण्यात क्रिकेटची सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे चौरंगी सामने होते. युरोपियन आणि पारशी यांच्यात १८९२ पासून प्रेसिडेन्सी सामने होत असत, त्यांत १९०७ मध्ये हिंदूंचा आणि १९१२ मध्ये मुसलमानांचा संघ आला आणि स्पर्धेला हे नाव पडले. संघ धर्मवार असल्यामुळे हिंदू संघाचा कर्णधार हा केवळ अकरा खेळाडूंचा नायक न राहता मैदानावरील समाजाचा प्रतिनिधी मानला जाई, आणि म्हणूनच ते पद कोणत्या जातीच्या माणसाकडे जावे, हा प्रश्न धावा आणि बळींच्या हिशेबाने सुटणारा नव्हता.

विठ्ठल पालवणकर हे चांभार समाजातील क्रिकेटपटू बंधूंपैकी एक. थोरले बंधू बाळू यांनी पूना क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टीची निगा राखता राखता इंग्रज अधिकाऱ्यांना, विशेषतः जे. जी. ग्रेग यांना, सरावासाठी गोलंदाजी करून आपली डावखुरी फिरकी घडवली. पुढे पुण्यातील हिंदू क्लबाने त्यांना संघात घेतले. तेथे मैदानावर सर्वांच्या हाताळणीतला एकच चेंडू त्यांच्याही हाती असे, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर बसवून, वापरून फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ११४ बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीही देण्यात आले नाही, आणि यामागे गुणवत्तेखेरीज दुसरे कारण होते हे उघड आहे.

१९२० मध्ये हा अन्याय चव्हाट्यावर आला. कर्णधार एम. डी. पै आजारी असल्याने पहिल्या सामन्यासाठी नेतृत्व दि. ब. देवधर यांच्याकडे सोपवण्यात आले, तर बाळूंना संघातूनच वगळले गेले; तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी संघातून माघार घेतली आणि जातीच्या भेदाविरुद्ध जाहीर निवेदन काढले. ज्या काळी निवड समितीपुढे खेळाडूने ब्रही काढू नये अशी रीत होती, त्या काळी चांगल्या फलंदाजाने आपली जागा पणाला लावावी, ही गोष्ट लहान नव्हती. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्यात तिघेही परतले, बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि पै यांनी काही काळ मैदान सोडून संघ त्यांच्या हाती दिला. पै यांचे हे वागणे नोंद घ्यावे असे आहे, परंतु ती अखेर एका सज्जनाने दिलेली सवलत होती, हक्क नव्हे.

हक्क मिळाला तो १९२३ मध्ये, विठ्ठल यांची रीतसर कर्णधार म्हणून नेमणूक झाली तेव्हा. त्या वर्षी अंतिम सामन्यात युरोपियनांचा पराभव झाला आणि उच्चवर्णीय म्हणवणाऱ्या हिंदूंनीच आपल्या चांभार कर्णधाराला खांद्यावर घेतले. १९२५ आणि १९२६ मध्येही स्पर्धा हिंदूंनीच जिंकली. १९२६ मध्ये आर्थर गिलिगन यांच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध सी. के. नायडू यांनी अकरा षटकारांसह १५३ धावांची जी खेळी केली, ती ज्या हिंदू संघातून केली, त्याचे नेतृत्वही विठ्ठल यांच्याकडेच होते, हे मात्र सहसा सांगितले जात नाही.

याच दशकात स्कॉटलंडमधील खाणकामगारांच्या वस्तीत वाढलेला फुटबॉलपटू ह्यूई गॅलाकर १९२५ मध्ये एअर्ड्रीच्या क्लबाकडून न्यूकॅसलच्या क्लबाकडे गेला, तेव्हा त्याच्या पायांतील कसबाला उघड मोल होते आणि फुटबॉल हाच त्याचा पगारी व्यवसाय होता. चौरंगी सामन्यांतील खेळाडूला असे वेतन नव्हते. चरितार्थ नोकरीवर चाले आणि मैदानावर मिळायचा तो मानच. म्हणूनच त्या मानातही जात आडवी येणे हे पालवणकरांच्या वाट्याला आलेले खरे नुकसान होते.

धर्मवार स्पर्धा १९४६ मध्ये बंद पडली आणि १९४८ मध्ये विठ्ठल यांचे ‘माझे क्रीडा-जीवन’ हे मराठी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. भारतीय क्रिकेटचा इतिहास १९३२ च्या पहिल्या कसोटीपासून मोजणाऱ्यांनी १९२३ ची ही नेमणूक आधी वाचावी.